लहान थंडखोलीचं अपग्रेड

३ फेब्रुवारी, सोमवार

आज वरून निरोप आला. आपल्या दोन्ही थंडखोल्यांचे संगणक लिनक्स प्रणालीच्या ज्या आवृत्तीवर चालतात, तिची देखभाल यंदा बंद होणार. त्याआधी दोन्ही मशिनं नव्या आवृत्तीवर न्यायची. काम अर्थात माझं. आमच्या बीजभांडारात संगणक म्हटलं की मी, गारवा म्हटलं की बर्फ्या आणि बी म्हटलं की बाई.

बर्फ्या कॉम्प्रेसर सांभाळतो. बाई बियाणं सांभाळतात. त्या यंदा निवृत्त होणार आहेत, पण कुणी तसं बोललं की खिडकीबाहेर बघतात.

सकाळी लवकर पोचलो. आमचा बोळ लांबट आहे, फरशी पांढरी, आणि शेवटी दोन जाड दारं. एक मोठ्या खोलीचं. तिथे बी वर्षानुवर्षं गोठून पडलेलं असतं. दुसरं लहान खोलीचं. तिचा गारवा घरातल्या फ्रिजएवढाच, कामासाठी बाहेर काढलेलं बी तिथे ठेवतात. दोन्ही दारांमधून एकसारखी घरघर येत असते. पुष्कळ माणसं एका घरात झोपली असावीत तशी. कामाला लागण्याआधी मी तिथे जरा उभा राहतो, मनातल्या मनात नाम घेतो.

बर्फ्या मागून आला. "काय देवा, भूपाळी म्हणताय की अंगाई?"

"अंगाई."

"मग हळू म्हणा. मलाही डुलकी लागते."

५ फेब्रुवारी, बुधवार

लहान खोलीच्या मशीनपासून सुरुवात केली. अपग्रेड अर्ध्यावर थांबलं आणि पडद्यावर पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या बांधलेल्या गाठोड्यांची, एक लांबलचक रांग आली. सगळी डीबग पॅकेजं. खाली प्रश्न: ही कालबाह्य झाली आहेत, नव्या आवृत्तीत यांचा सांभाळ करणारं कुणी नाही, काढून टाकू का?

घरी हे सांगायला गेलो तर बायको म्हणाली, "आधी डीबग म्हणजे काय ते सांगा." तिला सांगितलं तसंच इथे लिहितो. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस त्यातल्या एकेका कामाला नाव देतो. 'तापमान वाच', 'पंखा लाव', 'घंटा वाजव'. मशीनला नावांशी कर्तव्य नसतं. प्रोग्रॅम तयार झाला की ही नावं तुसासारखी पाखडून टाकतात आणि आत आकड्यांचा नुसता दाणा उरतो. पाखडलेली नावं वेगळी बांधून ठेवलेली असतात, तेच डीबग पॅकेज. रोजच्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण एखाद्या दिवशी प्रोग्रॅम कोसळला तर मागे जो ठसा राहतो, त्यात फक्त आकडे असतात. नावं जवळ असली तरच कळतं, की बिचारा काय करता करता पडला.

काही वर्षांपूर्वी थंडखोलीचा प्रोग्रॅम अधूनमधून असा पडायचा, तेव्हा मीच ही पॅकेजं बसवली होती. पुढे तो पडायचा थांबला. नावं तिथेच राहिली.

मी नाम घेत मोठा झालेला माणूस. इतकी नावं एका बोटाने पुसायला मन घेईना. 'नाही' म्हटलं. शिवाय पुढे मशीनने आपल्या मनाने काही करू नये म्हणून सगळ्यांवर 'जागचं हलवू नये' अशी खूण करून ठेवली.

बायको म्हणाली, "म्हणजे आपल्या माळ्यावरच्या छत्र्या."

"कोणत्या?"

"दांडे नसलेल्या."

"कापड चांगलं आहे त्यांचं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि दिवा मालवायला गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लहान खोलीचं मशीन नव्या आवृत्तीवर गेलं. थंडखोलीचा प्रोग्रॅमही नव्याने बांधून बसवला. शेवटी एक ओळ आली, की काही पॅकेजं जुन्याच जागी ठेवली आहेत. ती ठेवणारा मीच, त्यात वाचायचं काय? पुढे गेलो. मोठ्या खोलीला मात्र इतक्यात हात लावणार नाही. आधी लहान भांड्यात उकळून बघावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाई आज मोठ्या खोलीतून एक पाकीट घेऊन आल्या. दोन्ही हातांनी धरलं होतं, भरल्या वाटीसारखं.

ते कशाचं आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. बाई तरुण होत्या तेव्हा एका डोंगरावरून त्यांनी एका गवताचं बी गोळा केलं होतं. नंतर तो डोंगर दगडासाठी फोडला. आता तिथे खड्डा आहे, त्यात पाणी साठतं. ते गवत दुसरीकडे कुठे कुणाला सापडलेलं नाही. जे आहे ते त्या पाकिटात, आणि ते मूठभरही नाही.

मी लहान खोलीचं दार धरलं. "बाई, हे इथे?"

"थोडं मोजायचंय."

"मग परत मोठ्या खोलीत?"

"बघू." त्या आत गेल्या, फळीवर पाकीट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बोलताना तोंडातून वाफ येत होती. "सगळे म्हणतात, बी झोपलेलं असतं. पण झोपेतही वय होतंच ना? माझं झालं, त्याचं नाही होणार?"

"मग पेरून टाका."

"आणि नाही उगवलं तर?"

मी दार जरा ओढून घेतलं.

"इथे असेपर्यंत निदान आहे असं म्हणता येतं," बाई म्हणाल्या. "एकदा मातीत घातलं की एक तर ते उगवणार, नाहीतर जगातून जाणार. अर्धंच पेरायचं म्हटलं तरी उरलेलं अर्धं रोज म्हातारं होतंच."

पाकिटाची एक कड कापलेली होती. मोठ्या खोलीतली पाकिटं कायम हवाबंद असतात. मोजायला कापावीच लागत असेल म्हणा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पडद्यावर लहान खोलीचं तापमान पाहिलं. आकडा अगदी स्थिर. किती शांत चाललंय, असं वाटून बरं वाटलं. चहा पिऊन परत पाहिलं तरी तोच आकडा, एक कणही इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा लक्षात आलं की प्रोग्रॅम पडला आहे आणि मी पाहतोय तो त्याने शेवटी उच्चारलेला आकडा. मेलेल्या घड्याळाला शांत म्हणावं तशातली गत.

पुन्हा चालू केला. खोली फारशी तापली नव्हती. मग त्याने टाकलेला ठसा घेऊन बसलो आणि माझी जपून ठेवलेली नावं त्याला लावली. मशीनने कुरकुर केली, ही नावं या प्रोग्रॅमशी जुळत नाहीत. मी म्हटलं, तरीही लाव. मग आकड्यांच्या रांगेतून एक नाव हळूच वर आलं, विहिरीतून पोहरा यावा तसं: 'तापमान वाच'.

म्हणजे दोष तापमापकात. ठेवलेली वस्तू कामाला येते ती अशी. दिवसभर मन प्रसन्न होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बर्फ्याला घेऊन लहान खोलीतला तापमापक बदलला. तो जुना हातात फिरवत म्हणाला, "देवा, हा ठणठणीत आहे हो."

"मशीन सांगतंय, दोष त्यात आहे."

"मशीन सांगतंय, की तुम्ही त्याच्या तोंडून बोलताय?"

"तू तुझे पाईप बघ."

"बघतोच आहे. माझे पाईप माझ्याशी थेट बोलतात. त्यांना नावबिव लागत नाही." हसत हसत त्याने नवा बसवला. आता शनिवार-रविवार सुट्टी. निर्धास्त मनाने घरी आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लहान खोलीचं दार उघडलं आणि गारवा अंगावर आला नाही.

हे कसं लिहावं कळत नाही. इतकी वर्षं ते दार उघडलं की आधी पायांना थंडी लागते, मग चेहऱ्याला. आज आत नुसती हवा होती. ऊबदार, ओलसर, कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. फळ्यांवरची पाकिटं मऊ पडली होती. घरघर नव्हती. इतका सन्नाटा होता, की मला वाटलं मी झोपेतच उभा आहे.

प्रोग्रॅम सुट्टीत पुन्हा पडला होता. पडला तेव्हा कॉम्प्रेसर थांबलेला होता, तो थांबूनच राहिला. धोक्याची घंटाही तोच प्रोग्रॅम वाजवतो. जो झोपला त्यानेच पहारेकऱ्याला उठवायचं, अशी ती व्यवस्था.

लहान खोलीतलं बाकी सगळं बी मोठ्या खोलीतही आहे. त्याचं नुकसान भरून येईल. फक्त एका पाकिटाचं दुसरं कुठे काही नाही.

बाई आल्या. स्टुलावर बसल्या, पाकीट मांडीवर घेतलं, कापलेल्या कडेतून दोन बोटं आत घातली. "ओल लागली आहे," म्हणाल्या. "आता हे परत गोठवता यायचं नाही. गोठवलं तर आतल्या आत फुटेल."

"बाई, माझ्यामुळे..."

"तुम्ही कॉम्प्रेसर चालू करा आधी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बर्फ्या आला, त्याने एकही विनोद केला नाही. त्यावरून मला कळलं, किती वाईट झालंय ते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं उलगडलं.

अपग्रेडने टाकलेली प्रत्येक ओळ पहिल्यापासून वाचली. जी ओळ मी वाचायची सोडली होती तिच्यातच होतं. डीबग पॅकेज आपल्या लायब्ररीशी, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून तयार कामं उसनी घेतो त्या साठ्याशी, जखडलेलं असतं. त्याच आवृत्तीची लायब्ररी असेल तरच ते राहतं. मी नावांना हलू नका म्हटलं, म्हणून तापमापकांशी बोलणारी लायब्ररीही जुनीच राहिली. नवा प्रोग्रॅम तिच्याकडे काहीतरी मागायचा, ते तिला ठाऊकच नव्हतं, आणि मग तो पडायचा. 'पंखा लाव' या कामात पडायचा. तापमापकाचा संबंधच नव्हता.

मग मला दुसरंच नाव का दिसलं? कारण नावं जुन्या प्रोग्रॅमची होती. नव्यात सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या.

आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. ते मागच्या वर्षीचीच हजेरी घ्यायचे. गाव सोडून गेलेल्या मुलाचं नाव आलं की त्याच्या जागी जो बसलेला असेल तो "हजर" म्हणायचा. मास्तरांना कोण सांगणार? एकदा असल्याच एका गेलेल्या मुलाच्या खोडीसाठी मी छड्या खाल्ल्या, कारण मी त्याच्या जागेवर होतो. त्या तापमापकालाही परवा मी तशाच छड्या दिल्या.

नव्या आवृत्तीत रीत बदलली आहे. नावं आता मशीनवर साठवायची नसतात. ती लिनक्सच्या वेगळ्या कोठारात असतात, आणि जो प्रोग्रॅम पडला असेल त्याची, त्याच बांधणीची, हवी तेव्हा मागून घेता येतात. ती मागवूनच मला आज खरं नाव कळलं. म्हणजे नावं कुणी पुसत नव्हतंच. मला नुसती सोडायची होती.

खुणा काढल्या. मशीनने तोच प्रश्न विचारला. 'हो' म्हटलं. रांग वरून खाली वाहून गेली. लायब्ररी नवी झाली. हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांकडे गेलो. बोलावणं येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली, आलं नाही, म्हणून आपणच गेलो.

"या, या," साहेब म्हणाले. "त्या दाराचं का? रबर बदलून घ्या."

"कोणतं दार?"

"लहान खोलीचं. शुक्रवारी नीट लागलं नव्हतं ना? बाई सांगून गेल्या. शेवटी त्याच बाहेर पडल्या, दार त्यांच्याकडून उघडं राहिलं."

"दार लागलेलं होतं, साहेब. सोमवारी मीच उघडलं. चूक माझी आहे." मग मी त्यांना डीबग पॅकेजं, लायब्ररी, खुणा, सगळं सांगितलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"तुम्ही दोघं आपसात ठरवा कुणाची चूक ती," ते म्हणाले. "मला एक नाव पुरे आहे. आणि त्या गवताचं?"

"पेरावं लागेल, असं बाई म्हणतात."

"हं. मागे एकदा परवानगी मागितली होती त्यांनी. आम्ही नको म्हटलं. नंतर त्याही कधी बोलल्या नाहीत." साहेब पेन टेबलावर आपटत राहिले. "आता काय, पेरावंच लागेल."

बाईंना आठवत कसं नाही याचं नवल वाटतं. दार लावून दोनदा ढकलून बघणारी बाई. वय झालं की होतं असं. घरी बायकोला तसं म्हटलं.

"तुमच्या बाई विसरभोळ्या नाहीत हो," ती म्हणाली.

"मग असं का सांगितलं?"

ती माझ्याकडे बघून हसली. "काही नाही. हात धुवा, पानं घेतली आहेत."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई बोळात भेटल्या. त्यांना शरमल्यासारखं होऊ नये म्हणून दाराचा विषय काढला नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "सोमवारी काचघरात या. तबक धरायला कुणीतरी हवं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

काचघर इमारतीच्या मागे आहे. काचेवर धूळ आहे, त्यामुळे आत ऊन दुधासारखं होऊन येतं. बाईंनी माती तीनदा चाळली होती. मी तबक धरलं. त्यांनी चिमट्याने एकेक बी उचललं, क्षणभर उजेडात धरलं आणि ठेवलं. बी इतकं बारीक, की मातीवर ठेवल्यावर पुन्हा सापडत नव्हतं.

"ओठ हलतायत तुमचे," बाई म्हणाल्या.

"सवय आहे. नाम घेतो."

"घ्या. पण मोठ्याने नको, माझं मोजायचं चुकेल."

मग बराच वेळ आम्ही दोघं तिथे होतो. ऊन सरकत एका काचेतून दुसऱ्या काचेत गेलं. माझे दंड भरून आले, पण हे संपू नये असं वाटत होतं. शेवटी पाकीट रिकामं झालं. बाईंनी ते उलटं करून झटकलं, आत फुंकून पाहिलं, आणि घडी करून पदराला हात पुसले.

"आता जगात नाही ते," त्या म्हणाल्या. "उगवेपर्यंत तरी."

४ मार्च, मंगळवार

मोठ्या खोलीचं मशीन अपग्रेड केलं. कालबाह्य पॅकेजांची तशीच रांग आली. या वेळी प्रत्येक ओळ वाचली, कोण कुणाला धरून आहे ते पाहिलं, आणि सगळ्यांना जाऊ दिलं. एकही लायब्ररी मागे राहिली नाही. घंटेसाठी बर्फ्याने एक वेगळं साधं यंत्र बसवलं, माझ्या प्रोग्रॅमला न विचारता वाजणारं.

"तुमच्यावर विश्वास आहे, देवा," तो म्हणाला. "म्हणूनच बसवलं."

काचघरात काही नाही.

११ मार्च, मंगळवार

काही नाही. माती नुसती माती आहे. मी रोज सकाळी पाणी फवारतो. बाई तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्या टेबलावरची कामं मात्र भराभर उरकली जातायत, दूरच्या प्रवासाला निघायच्या आधी घर आवरावं तशी.

काल स्वप्न पडलं. आमचाच बोळ, पण दारं पुष्कळ, आणि प्रत्येक दारामागे घरघर. मी एकेक उघडत जातो तर आत मोकळे डोंगर. कुठेच काही लिहिलेलं नाही. तरी मला भीती वाटत नव्हती.

आज नाम घेताना गवताबद्दल काही मागितलं नाही. मागायला शब्द काढले की ते तिथेच अडतात. नुसता बसलो.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना विचारलं, "अजून किती वाट बघायची?"

"ज्याला आपण इतकी वर्षं झोपवलं," त्या म्हणाल्या, "त्याला डोळे चोळायला वेळ लागेल की नाही?"

पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझी चूक पुन्हा काढायला गेलो तर म्हणाल्या, "तुमची चूक, तुमची चूक. किती मिरवाल? त्या पाकिटाला मी कात्री लावली ती तुमच्या चुकीच्या आधी." हे त्या का म्हणाल्या ते मला नीट उमगलेलं नाही. मोजायला कात्री लावावीच लागते, त्यात काय?

१९ मार्च, बुधवार

सकाळी फवारणी करायला गेलो. तबकाच्या एका कडेला मातीला बारीक भेग दिसली. वाटलं, सुकली असेल. वाकून पाहिलं. भेगेत काहीतरी उभं होतं, दोऱ्यापेक्षा बारीक, हिरवं म्हणावं इतकंही हिरवं नाही. टोकाला बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं.

मी धावलो. या वयात, त्या गुळगुळीत फरशीवर. बर्फ्या ओरडला, "देवा, आग लागली काय?" मी बाईंच्या दारात उभा राहिलो आणि काचघराकडे नुसतं बोट केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा शोधायला लागल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

काचघरात त्या तबकाशी गुडघे टेकून बसल्या. मी शेजारी. तोवर कडेला आणखी एक वर आलेलं दिसलं, आणि मध्ये एका ठिकाणी माती नुकतीच उचललेली. बाकी सगळी जमीन अजून गप्प होती. कदाचित गप्पच राहील.

"श्वास हळू घ्या," बाई म्हणाल्या.

मी तोंडावर हात धरला. आम्ही तसेच बसलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण त्या रडतायत असं वाटत नव्हतं. भिंतीवर दव जमतं तसं ते पाणी होतं. पातं मात्र आम्ही श्वास रोखला तरी हलत होतं, अगदी थोडं, आपल्याच वाढण्याने.

मग बाई म्हणाल्या, "नाही, असं नाही चालायचं. डोंगरावरचं आहे ते."

आणि त्यांनी खाली वाकून त्याच्यावर हळूच फुंकर घातली. पातं पार मातीला टेकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पुन्हा उभं होतं.